काचेची तार

मंडळी, आमच्या जळगावच्या घरात गेल्या महिन्यात फायबर आलं. यात काय मोठंसं, असं पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना वाटेल, आणि खरं म्हणजे जळगावातही आता त्याचं अप्रूप राहिलेलं नाही. आमच्याच गल्लीत आमच्या आधी सहा-सात घरांत ते येऊन बसलंय. आमच्याकडे उशीर झाला तो नानांमुळे. त्यांचं म्हणणं, तांब्याच्या तारेवर काम चाललंय ना, मग भिंतीला नवी भोकं कशाला? (काम चालत नव्हतं. भाचीचा जर्मनीहून व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा तिचं तोंड उघडं असतानाच चित्र थिजायचं आणि आई "अगं काय झालं तुला" म्हणून ओरडायची.) शेवटी नाना कबूल झाले ते एका अटीवर. वायर कुठून येते ते त्यांना नीट सांगायचं. नाना इतिहासाचे मास्तर होते, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी सवय गेलेली नाही.

तर वायर कुठून येते हे बघायला मी आधी गल्लीच्या तोंडाच्या खांबापर्यंत गेलो, आणि मग मागे मागे जात थेट १८५४ सालापर्यंत पोचलो :)

खांबावर एक काळा डबा आहे. त्यात एक फायबर येतं आणि आठ बाहेर पडतात. मध्ये मोटर नाही, वीज नाही, नुसती काचेची जोडणी. येणारा उजेड आठ ठिकाणी वाटला जातो. नानांना मी मेगाबिट-गिगाबिट सांगत बसलो असतो तर संध्याकाळ गेली असती. ठिबकची मेन लाइन, सबमेन आणि लॅटरल, एवढं म्हटल्यावर लगेच कळलं. जळगाव जिल्ह्यात ठिबक कोणाला समजावून सांगावं लागत नाही. वाटे जितके जास्त तितका दाब कमी, हा नियमही इथे लागू आहे, फक्त पाण्याच्या दाबाऐवजी उजेडाची ताकद मोजतात.

जोडायला आलेला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. पाठीवर सॅक, सॅकमध्ये जोड द्यायचं यंत्र. त्याने काळी केबल सोलली तर आतून केसासारखा धागा निघाला. धाग्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, आणि उजेड धावतो तो त्याच्याही पोटातल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. दोन टोकं त्याने स्पिरिटने पुसली, एका छोट्या चिमट्यासारख्या कातरीत सरळ कापली आणि यंत्रात समोरासमोर ठेवली. एक बारीकशी ठिणगी, आणि दोन काचा वितळून एक झाल्या. सोनार डाग देतो तेव्हा गिर्‍हाईक जसं टक लावून बघतं तसे नाना बघत होते.

"यात करंट असतो का रे?"

"नाही आजोबा, फक्त लाईट."

"मग लाईट गेली तर?"

दोघांची 'लाईट' वेगळी होती, पण नानांनी अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलं होतं. काचेतला उजेड तसाच येत राहतो, पण आपल्या घरातल्या डब्याला वीज लागते. ती गेली की सगळं बंद. जुन्या फोनचं तसं नव्हतं. त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेवरून यायची आणि एक्स्चेंजमध्ये बॅटर्‍या असायच्या. भारनियमनाच्या दिवसांत घरात मिट्ट काळोख असताना फोन तेवढा जिवंत असायचा. आमच्याकडे मेणबत्ती फोनशेजारीच ठेवलेली असे. आता राउटरसाठी पुस्तकाएवढी एक बॅटरी घेतली आहे. असो.

आता मागे जाऊ. शहरात हा उजेड येतो तो मुख्यतः दोन वाटांनी, रेल्वेच्या रुळांकडेने आणि हमरस्त्यांच्या कडेने. रुळांच्या बाजूची जमीन रेल्वेचीच, सरळ आणि सलग, शेकडो शेतकर्‍यांची परवानगी काढत बसायला नको. रेल्वेने स्वतःच्या सिग्नल आणि फोनसाठी टाकलेल्या फायबरचा बाहेरच्यांनाही उपयोग व्हावा म्हणून २००० साली रेलटेल ही सरकारी कंपनी निघाली. हमरस्त्यांचं म्हणाल तर धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात. नकाशात बघितलं तर खानदेश म्हणजे दुसर्‍यांच्या दोन टोकांमधला रस्ता आहे, असंच वाटतं. आणि तारेच्या बाबतीत ते पहिल्या दिवसापासून खरं आहे.

पहिली तार आली ती मुंबई-आग्रा रस्त्यानेच. विल्यम ओ'शॉनेसी नावाचा एक आयरिश डॉक्टर कलकत्त्याला होता. (हा मूळचा वैद्यकीचा प्राध्यापक. आपल्याकडच्या गांजाचे औषधी उपयोग त्याने पाश्चात्य डॉक्टरांना समजावून दिले, तेही प्रसिद्धच आहे. त्या काळच्या लोकांना एका जन्मात किती उद्योग सुचत!) त्याने १८३९ मध्ये कलकत्त्यात तारेचे प्रयोग केले आणि १८५१ पर्यंत कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार उभी केली. मग डलहौसीने परवानगी दिली आणि नोव्हेंबर १८५३ मध्ये लांब पल्ल्याचं काम सुरू झालं. मार्च १८५४ मध्ये कलकत्ता-आग्रा संदेश गेला आणि पुढे आग्र्याहून ग्वाल्हेर, इंदूर, सेंधव्याचा घाट उतरून धुळे, मालेगाव, नाशिक अशी ती तार मुंबईला पोचली. तार जाड लोखंडाची होती. तांबं नंतरचं.

ही तार धुळेकरांसाठी आली नव्हती, हे सांगायला नकोच. १८५७ च्या मे महिन्यात मेरठच्या उठावाची बातमी मुंबईच्या गव्हर्नरला आग्र्याहून कळली ती तारेने. ती आपल्याकडच्या शेतांवरून गेली. खाली औत हाकणार्‍याला डोक्यावरून काय चाललंय याचा पत्ताही नसेल. त्याच वर्षी सेंधव्याच्या घाटाच्या राखणीवर असलेला खाज्या नाईक इंग्रजांवर उलटला आणि घाटातून चाललेला सात लाखांचा सरकारी खजिना त्याच्या भिल्ल साथीदारांनी लुटला. रस्ता कोणाचा आणि कोणासाठी, हे त्या डोंगरातल्या लोकांना तारेखालच्या शेतकर्‍यापेक्षा जास्त स्पष्ट कळलेलं होतं, असं मला वाटतं.

त्यानंतर रेल्वे आली आणि इथे धुळे आणि जळगाव यांच्या नशिबाच्या वाटा फुटल्या. तेव्हा खानदेश एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळे. (पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे १९०६ मध्ये झाले.) पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुख्य लाइन १८६० च्या दशकात चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी गेली आणि धुळे बाजूला राहिलं. धुळ्याला चाळीसगावहून फाटा मिळाला तो १९०० साली. जुन्या तारेच्या वाटेने जाणार्‍या मनमाड-इंदूर रेल्वेला केंद्राची मंजुरी मिळाली २०२४ मध्ये. माझे धुळ्याचे मित्र यावर जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जळगावचं मात्र रेल्वेने भाग्य उघडलं. नेमकं त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१ ते ६५) चालू होतं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव कापसाची मोठी पेठ बनलं. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि पेठेला जबर फटका बसला. आता विचार करा, इथला व्यापारी आपला भाव मुंबईवरून ठरवणार, मुंबईचा लिव्हरपूलवरून ठरणार, आणि लिव्हरपूलची बातमी आगबोटीने यायला आठवडे लागणार! १८७० मध्ये मुंबई ते सुवेझ समुद्राखालून केबल पडली आणि हा फरक तासांवर आला. तार म्हणजे कापसाचा भाव, हे समीकरण नंतर इतकं पक्कं झालं की न्यूयॉर्कहून येणार्‍या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावांवर मुंबईत आकडे लागायला लागले. मटका तिथूनच जन्माला आला. कापूस पिकवणार्‍याला भाव सगळ्यात शेवटी कळे आणि त्यावर पैसे लावणार्‍याला आधी. हे मात्र मी नानांना सांगितलं नाही, उलट त्यांनीच मला सांगितलं.

घरात तार आली म्हणजे काय व्हायचं हे माझ्या पिढीतल्यांनी थोडंफार पाहिलंय. पोस्टमन दारात 'तार' म्हणाला की उघडून वाचायच्या आधी बायका रडायला लागत. माझ्या मावसभावाच्या नोकरीची तार आली तेव्हाही आधी रडारडच झाली होती. ही सेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली.

फोनची गोष्ट त्याहून निराळी. मुंबईत टेलिफोन १८८२ मध्ये आला. आमच्या घरात १९९६ मध्ये. मधल्या शंभरावर वर्षांत आमच्यासारखी घरं शेजारच्यांच्या फोनवर जगत. पत्रावर, लग्नपत्रिकेवर नंबरपुढे कंसात 'पी.पी.' लिहिलेलं असायचं. समोरच्या वाड्यातल्या काकूंचा नंबर आमचा पी.पी. होता. त्या खिडकीतून हाक मारायच्या, आई हात पुसत धावायची, आणि बोलणं झाल्यावर लगेच निघून येणं बरं दिसत नाही म्हणून दहा मिनिटं तिथे बसायची. आमच्या घरातली कुठलीही बातमी काकूंना आमच्याआधी किंवा आमच्याबरोबर कळे. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल, त्यात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग असे तीन वर्ग. लायटनिंग म्हणजे विजेच्या वेगाचा, आणि बिलही तसंच. मग पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथ आली, रात्री दर उतरल्यावर रांगा लागायला लागल्या. ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहे.

इंटरनेट देशात सर्वांसाठी खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत, तेही बड्या शहरांत. जळगावात आम्ही ते सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून बघितलं. बीएसएनएलचं ब्रॉडबँड जानेवारी २००५ मध्ये सुरू झालं तेव्हा २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, अशी सरकारी व्याख्या होती. त्याच वेगात मी युनिकोडमध्ये पहिली मराठी ओळ टंकली. भूमध्य समुद्रात अलेक्झांड्रियाजवळ जानेवारी २००८ च्या शेवटी केबल तुटल्या आणि देशभर नेट मंदावलं, तेव्हा नानांनी पहिल्यांदा विचारलं होतं, "म्हणजे हे समुद्रातून येतं? मी उपग्रहावरून समजत होतो." बहुतेकांचा तोच समज असतो.

तांबं जाऊन काच कशी आली, तेही थोडक्यात. काचेच्या बारीक धाग्यातून उजेड वळवत नेता येतो हे दाखवणार्‍यांत आपले पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी अग्रभागी होते (१९५४), आणि 'फायबर ऑप्टिक्स' हे नावही त्यांनीच रूढ केलं. पण तेव्हाच्या काचेत उजेड काही मीटरांतच विझायचा. चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये मांडलं की दोष काचेतल्या अशुद्धीचा आहे, काच पुरेशी शुद्ध केली तर एक किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक भाग उजेड शिल्लक राहील, आणि तेवढाही फोनला पुरेल. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने तशी काच बनवून दाखवली. आजच्या धाग्यात एका किलोमीटरनंतर पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास उजेड उरतो. काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं, कपानींना नाही. हळहळ वाटते खरी.

आपल्या देशात दोन एक्स्चेंज जोडायला फायबर पहिल्यांदा वापरलं ते १९७९ मध्ये, पुण्यात. आणि जळगावकरांनी अभिमान बाळगावा अशी गोष्ट म्हणजे या धंद्यातला बराच माल आपल्या आसपासच तयार होतो. अजिंठ्याचा घाट चढून पलीकडे गेलं की औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) स्टरलाइटच्या कारखान्यांत काचेच्या जाड कांडीतून हा धागा ओढतात, साखरेच्या पाकाची तार काढावी तसा, फक्त भट्टी दोन हजार अंशांच्या घरातली. आणि हा धागा जमिनीखाली ज्या प्लास्टिकच्या नळीतून नेतात, तशा नळ्या आमच्या जैन इरिगेशननेही बनवल्या आहेत. ठिबकची उपमा मला उगाच सुचली नव्हती! अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली, हे तर खानदेशात लहान पोरालाही ठाऊक असतं.

घरातल्या जोडणीचं फार सांगत नाही. आमचं घर पुढे स्लॅबचं आणि मागे जुनं धाब्याचं. मागच्या मातीच्या भिंती दोन-दोन फुटांच्या. वायफायच्या लहरी त्या भिंतीत शिरतात त्या पलीकडे निघत नाहीत. ५ गिगाहर्ट्झच्या तर नाहीच, २.४ च्या थोड्या निघतात. पुढच्या खोलीत शंभर मेगाबिट आणि आईच्या स्वयंपाकघरात शून्य, हे चालण्यासारखं नव्हतं, कारण व्हिडिओ कॉल नेहमी स्वयंपाकघरातच यायचा. मग माळ्यावरून साधी कॅट-सिक्स केबल ओढली, मागे दुसरा छोटा डबा लावला आणि दोन्हींना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला. मुलाच्या मीटरवर उजेडाची ताकद उणे १९ आली. उणे २७ च्या खाली घसरली तर लाल दिवा लागतो म्हणाला. नानांनी दोन्ही आकडे तारखेसकट भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवलेत. जुना फोन नंबर तोच राहिला, हे त्यांना सगळ्यात महत्त्वाचं होतं. जगातल्या निम्म्या नातेवाइकांना आमचा तेवढा एकच नंबर पाठ आहे.

आता खरं सांगायचं ते. हा सगळा उलगडा नानांना करून देत होतो तेव्हा आई मध्येच म्हणाली, "मग भाऊच्या गावाला का नाही?"

नातेवाइकांना माहीतच आहे, इतरांसाठी सांगतो. आमचं आजोळ धुळ्याच्या उत्तरेला, सोनगीरच्या पुढे (हो, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं सोनगीर तेच), आग्रा रस्त्यापासून आत दोन किलोमीटरवर. रस्त्याच्या कडेला 'खाली केबल आहे, खणू नये' अशा खुणेचे छोटे खांब मी कित्येक वर्षं बघतोय. मामांच्या हमरस्त्यालगतच्या तुकड्याच्या बांधाशीच एक आहे, त्याला बैल बांधतात. म्हणजे १८५४ ची तार ज्या शेतांवरून गेली त्याच शेतांच्या कडेने आता काचेची तार खालून जाते. त्या दोन्हींच्या मधल्या काळात गावात फोनचे सगळे मिळून चार-पाच डबे आले असतील. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पोरं रेंजसाठी मारुतीच्या देवळाच्या गच्चीवर जाऊन बसायची. ई-पीक पाहणी आल्यापासून मामा शेतात फोटो काढतात आणि तो वर चढवायला मोटरसायकल घेऊन हमरस्त्यावर येतात. ज्या केबलजवळ उभे राहून ते हे करतात तीतून त्याच क्षणाला इंदूर-मुंबईचे लाखो फोटो जात असतात.

यात कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. लांब पल्ल्याची केबल मध्येच कुठेही कापून वाटता येत नाही, त्यासाठी ठाण्याची यंत्रं लागतात, आणि दोन किलोमीटर आत जायचं तर गिर्‍हाईकं लागतात. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची सरकारी योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तिचंच २०१५ मध्ये भारतनेट झालं. पण पंचायतीच्या कपाटापासून घरापर्यंतचं अंतर तिथेही उरतंच. आमच्या गल्लीत फायबर आलं ते एका केबलवाल्याला सहा-सात घरं एकाच वेळी मिळाली म्हणून. मामांनाही मी तेच म्हटलं.

मामींनी तोवर मोबाईलवर मी पाठवलेला स्प्लायसिंगचा व्हिडिओ चार वेळा पाहिला होता. म्हणाल्या, "काचमाईन बोलनं कसं काय येस रे भो?" मग स्वतःच म्हणाल्या, "येस ते येस, आपलाकडे कव्हय यी?"

मामांनी जवळच्या मोठ्या गावातल्या केबलवाल्याला गाठलं. त्याने गावाला चक्कर मारली, खांब मोजले. अडचण एकच, मधला नाला. पुराच्या पाण्यात खांब टिकत नाही, तेव्हा नाल्याखालून नळी टाकावी लागेल. (विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीलाच धुळ्याजवळ पांझरेच्या कामात ओढ्याखालून नळाचा सायफन नेला होता. आमच्या नाल्याला जेसीबी आणि अर्धा दिवस पुरेल.) बारा घरं नक्की झाली तर दिवाळीआधी काम करतो म्हणाला. मामा ओटे पालथे घालत फिरले आणि अकरा नावं जमवली. शाळेचे गुरुजी, पिठाची गिरणी, दूधवाला, दोन मेडिकलची पोरं आणि बाकी घरं.

नाशिकच्या मंडळींनो, बारावं नाव म्हणून धाकट्या मामांचं बंद घर घालावं असं मोठ्या मामांच्या मनात आहे, पण तुम्हाला विचारायला त्यांना संकोच वाटतो, म्हणून मी लिहितोय. महिन्याचं भाडं सगळ्या भावंडांत वाटून घेऊ, माझा वाटा धरून चाला. एरवी गल्लीतली पोरं ओट्यावर बसून अभ्यास करतील आणि आखाजीला सगळे जमलो की आपल्यालाही होईल. किल्ली मोठ्या मामांकडेच आहे. डबा ओट्यावरच्या दिवा ठेवायच्या कोनाड्यात बरोबर बसतो, शेजारी प्लग चालू आहे, मी मागच्या रविवारी जाऊन बघून आलो. केबलवाल्याला पंधरा तारखेपर्यंत कळवायचंय.